गाठ नसलेला कॅन्सर

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, कुठं झालाय? आणि दुसरा, कितवी स्टेज? मामांना भेटायला येणारं प्रत्येक माणूस चहाचा कप हातात यायच्या आत हे दोन प्रश्न विचारायचं आणि मामी माझ्याकडं बघायची, कारण मी लॅबमधला, म्हणजे घरातला अर्धा डॉक्टर. मी सांगायचो, रक्ताचा आहे. मग पुढचा प्रश्न, व्हय, पण रक्तात कुठं? ऐकायला हसू येतं पण त्यात चूक काय सांगा. तोंडाचा असेल तर तोंड दाखवता येतं, पिशवीचा असेल तर पिशवी काढून टाकली म्हणून सांगता येतं, रक्ताचा म्हटल्यावर माणसानं बोट ठेवायचं कुठं? एकानं तर सरळ विचारलं की सगळं रक्त काढून दुसरं भरत नाहीत काय. स्टेजचं त्याहून अवघड. मामांच्या आजाराला पोटातल्या नाहीतर छातीतल्या गाठीसारख्या एक ते चार अशा स्टेज नसतातच, आणि घरचे स्टेज सांगत नाहीत म्हणजे शेवटचीच असणार असा हिशोब करून लोक आपोआप आवाज बारीक करायला लागायचे. मामा समोर खुर्चीत बसून शेंगा सोलत असायचे आणि लोक त्यांच्यासमोरच हळू आवाजात बोलायचे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमचं काम म्हणजे सकाळी उपाशीपोटी शुगरवाल्यांची रांग, पावसाळ्यात डेंग्यू आणि प्लेटलेट, आणि वर्षभर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, त्यात ईडीटीए असतं म्हणजे रक्त गोठत नाही, ट्यूब हलक्या हातानं उलटीपालटी करायची, मशीनला लावायची, मिनिटभरात आकडे पडतात. पांढऱ्या पेशी चार हजार ते अकरा हजार, प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख, हिमोग्लोबिन बाईमाणसाला बारा आणि गड्याला तेराच्या वर, एवढं बसलं की रिपोर्ट प्रिंट. यातला कुठला आकडा हललाय ते बघून मी पेशंटचा चेहरा न बघता पण बरंच काही ओळखतो, आमच्या धंद्यात तसंच असतं, आम्हाला माणसं नंतर दिसतात, नळ्या आधी.

मामा एसटीत कंडक्टर. बरेच महिने डाव्या कुशीत जड वाटतंय म्हणत होते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलेलं. ते सगळं पित्ताच्या खात्यावर टाकलेलं, कंडक्टरची नोकरी म्हणजे पित्त आलंच, वडापाव आणि चहावर दिवस काढायचा. शेवटी मामीनं भांडून आमच्या लॅबला पाठवलं, भाचा हाय, पैसे घेणार न्हाई म्हणून.

मशीननं पांढऱ्या पेशींच्या पुढं एक लाख ऐंशी हजारच्या वरचा आकडा दाखवला आणि शेजारी लाल खुणा. असा आकडा आला की पहिल्यांदा कुणीही मशीनवरच संशय घेतो, मी पण घेतला, सँपल पातळ करून परत लावलं, तेच. तोवर उरलेली ट्यूब रॅकमध्ये उभी होती. रक्ताची ट्यूब थोडा वेळ न हलवता ठेवली तर तांबड्या पेशी खाली बसतात आणि पिवळसर पाणी वर येतं, आणि या दोघांच्या मध्ये पांढरी रेघ असते, इतकी बारीक की लक्ष देऊन बघावी लागते. मामांच्या ट्यूबमध्ये तिथं रेघ नव्हती, चांगला जाड थर होता, मळकट पांढरा, लांबूनसुद्धा दिसणारा. १८४५ साली एडिंबर्गमध्ये बेनेट नावाच्या डॉक्टरनं असंच रक्त बघून रक्तात पू झालाय असं लिहिलेलं, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये विर्शो नावाच्या विशीतल्या पोरानं म्हटलं की पू बिव काही नाही, या रक्तातल्याच पांढऱ्या पेशी वाढल्यात, आणि दोन वर्षांनी त्यानंच या आजाराला ल्युकेमिया हे नाव दिलं. त्यांच्याकडं मशीन नव्हतं, साधा मायक्रोस्कोप आणि डोळे. मी रॅकसमोर उभा होतो तेव्हा माझ्याकडं पण खरं तर तेवढंच होतं.

मग स्लाइड. एक थेंब काचेवर, दुसऱ्या काचेनं ओढून पातळ पापुद्रा करायचा, वाळवायचा, लेशमन स्टेन म्हणजे पेशी रंगवायचा रंग टाकायचा, थांबायचं, बफर टाकायचं, परत थांबायचं, धुवायचं. हे मी रोज करतो, हात आपोआप चालतात. नॉर्मल माणसाच्या स्लाइडवर तांबड्या पेशींच्या गर्दीत पांढरी पेशी शोधायला लागते, एक इथं, एक तिथं. मामांच्या स्लाइडवर जिकडं बघावं तिकडं जांभळ्या पेशीच. आणि सगळ्या वयाच्या. आपल्या रक्तात यायच्या आधी ही पेशी पाच-सहा पायऱ्या चढून येते, पहिल्यांदा मोठं गोल केंद्रक, मग ते वाटाण्यासारखं, मग घेवड्यासारखं वाकडं, मग पट्टी, आणि शेवटी तुकड्या-तुकड्यांचं, ती शेवटची झाली की मगच तिला रक्तात सोडतात. मामांच्या रक्तात सगळ्याच पायऱ्या एकदम बाहेर आलेल्या, वर बेसोफिल नावाच्या काळ्या दाण्यांच्या पेशी, ज्या एरवी शंभरात एखादीच सापडते. आमच्या मॅडमनी डोळा लावला आणि दोन मिनिटांत सीएमएल वाटतंय एवढंच म्हणाल्या, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, आणि मामांना सांगायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं, मामींना कोण सांगणार?

तर कुठं झालाय याचं उत्तर मी पुढं असं द्यायला लागलो. मटणाची नळी फोडून तुम्ही जे ओढून खाता ना, ते. हाडातला मगज. माणसाचं रक्त तिथं तयार होतं, मोठ्या माणसात मुख्यत्वे कमरेच्या, छातीच्या, पाठीच्या आणि बरगड्यांच्या हाडात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि पांढऱ्यातली जी जंतूंवर धावून जाते ती तर रक्तात आल्यावर दिवसभर टिकली तरी खूप. म्हणजे मगजाला सुट्टी नाही, नुसत्या तांबड्या पेशीच रोज दोनशे अब्जांच्या घरात बनवायच्या. एवढ्या वेळा पेशीची नक्कल होते त्यात एखादीच्या गुणसूत्रात गडबड होते, आणि ती पेशी थांब म्हटलं तरी थांबत नाही. ब्लड कॅन्सर म्हणतात खरा पण तो सुरू होतो हाडात, रक्तात आपल्याला त्याची सांडलवंड दिसते. रक्त बदलून तो जाणार नाही, उद्या परत तेच येणार. हे मी एवढ्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी मामाच माझ्याआधी सांगायचे, फक्त नळीच्या जागी नल्ली म्हणायचे, मुंबईच्या हॉटेलातला शब्द त्यांना जास्त आवडला.

मुंबई म्हणजे अर्थात परळ. आपल्याकडं टाटाला नेलंय एवढं म्हटलं की लोक हॉस्पिटलचं नाव विचारत नाहीत. १९४१ साली उघडलेलं ते हॉस्पिटल आणि त्याच्या आजूबाजूचे फुटपाथ, एक्सरेच्या मोठ्या पिशव्या घेऊन बसलेली माणसं, अर्धी बिहार-बंगालची, अर्धी आपली, आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा जिथं या लोकांची सोय होते. मामांची बोन मॅरो, म्हणजे मगजाची तपासणी, तिथंच झाली. कमरेच्या हाडाला मागून सुई, कातडीला भूल देतात पण आतून ओढतात त्या क्षणाला भूल लागत नाही, मामा बाहेर येऊन म्हणाले, आत्मा वढला रं माझा. आणि मग रांगेत बसून डबा खाल्ला.

ओपीडीत मला एक गोष्ट कळली जी इतकी वर्षं स्लाइड बघून कळली नव्हती. बाहेरच्या जगात ब्लड कॅन्सर हा एक आजार असतो, जुन्या हिंदी पिक्चरमध्ये हिरोला व्हायचा तो, रुमालाला रक्त लागायचं आणि इंटरव्हलनंतर माणूस संपायचा. त्या रांगेत एकाच नावाखाली बसलेल्या माणसांचे आजार इतके वेगळे की एकाला दुसऱ्याचा सल्ला देऊन उपयोग नाही. मामांच्या शेजारी मराठवाड्याकडची एक बाई असायची, मांडीवर पाच-सहा वर्षांचा पोरगा, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, हातात बिस्किटाचा पुडा. त्याला एएलएल म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर. मामांचा आजार वर्षानुवर्षं हळू सरकणारा, पोराचा काही आठवड्यांत अंगावर येणारा, ताप, अंगावर निळे डाग, पाय दुखतात म्हणून चालायचं बंद. मामांनी मला विचारलं, ह्याचं आणि माझं सेम न्हाई व्हय? मी म्हणलं, तुमच्या पेशी जास्त झाल्यात पण बऱ्यापैकी तयार झालेल्या आहेत, निदान जंतूंशी थोडंफार भांडतात. त्याच्या पेशी पहिल्या पायरीवरच अडकल्यात, ब्लास्ट म्हणतात त्याला, त्या मोठ्याच होत नाहीत, काम काही करत नाहीत आणि मगजात एवढी गर्दी करतात की तांबड्या पेशी आणि प्लेटलेटना जागाच उरत नाही. मामा थोडा वेळ विचार करून म्हणाले, म्हणजे डेपोत सगळे लायसन नसलेले ड्रायव्हर भरलेत, आणि गाडी काढायला माणूस न्हाई. मी एवढ्या वर्षांत याहून चांगलं कुणाला समजावलेलं नाही.

त्या पोराच्या ट्रीटमेंटचा कागद त्या बाईनं मला वाचायला दिला. विन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, ॲस्पॅरॅजिनेज, पाठीतून मणक्यात मेथोट्रेक्सेट, नंतर घरी गोळ्या, सगळं मिळून दोन-अडीच वर्षं. आई विचारत होती, यातलं कुठलं औषध जालीम? मी काय सांगणार. पण यातल्या दोन औषधांबद्दल मी नंतर वाचत बसलो आणि वाचता वाचता परत परळलाच येऊन पोचलो.

विन्क्रिस्टिन आलंय सदाफुलीतून. आपल्या दारात, मंदिराच्या कडेला, कचऱ्यात पण उगवते ती गुलाबी-पांढरी सदाफुली, मूळची मादागास्करची. पन्नासच्या दशकात कॅनडात तिच्यावर मधुमेहाचं औषध म्हणून प्रयोग चाललेले, पानांच्या अर्कानं जनावरांची साखर काही कमी झाली नाही पण पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की पांढऱ्या पेशी वाढलेल्या आजारात हे चालेल. (हे वाचून कृपया कुणी पानं चावू नका. ढीगभर पानांतून चिमूटभर औषध निघतं आणि ते जरा जास्त झालं तर नसा जातात. मामांना पण कुणीतरी रोज सकाळी सात पानं सांगितली होतीच.)

मेथोट्रेक्सेटची गोष्ट त्याहून लांबची. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय व्हायचा, त्यात बाई आणि पोर दोन्ही जायचे, तो कशानं होतो ते शोधायला. तिनं त्या बायका काय खातात ते बघितलं, उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी सापडलं काय तर मार्माइट, म्हणजे बिअरच्या यीस्टपासून बनवलेला ब्रेडला लावायचा स्वस्त काळा लगदा, तो खाल्ला की रक्त भरून येतं. १९३१ साली तिनं हे छापलं. त्यातला नेमका पदार्थ कुठला हे कळायला पुढं दहा वर्षं गेली, तो फोलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईला लाल गोळ्या देतात त्यात लोहाबरोबर असतं ते हेच.

पुढं अमेरिकेत लेडर्ली कंपनीत फोलिक ॲसिड कृत्रिम पद्धतीनं बनवणाऱ्या टीमचा प्रमुख होता येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचा. बॉस्टनला सिडनी फार्बर नावाचा लहान मुलांचा पॅथॉलॉजिस्ट होता, म्हणजे आमच्याच बिरादरीतला, मेलेल्या पोरांचे मगज मायक्रोस्कोपखाली बघणारा. त्यानं ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिड देऊन बघितलं, रक्त वाढवतंय ना मग चांगलंच, तर आजार उलट भडकल्यासारखा दिसला. आता इथं दुसरा कुणी असता तर गप बसला असता. याच्या डोक्यात आलं की जे दिल्यानं आजार वाढतो ते तोडलं तर? सुब्बारावांच्या लोकांनी फोलिक ॲसिडसारखीच दिसणारी पण काम न करणारी, पेशीला फसवणारी औषधं बनवली होती, त्यातलं ॲमिनोप्टेरिन फार्बरनं १९४७ च्या शेवटी मुलांना द्यायला सुरुवात केली. १९४८ च्या जूनमध्ये छापलं, १६ मुलांपैकी १० जणांत आजार मागं हटला. काही महिन्यांपुरताच, सगळी मुलं पुढं दगावली, पण ल्युकेमिया औषधानं हटतो हे पहिल्यांदा दिसलं. मेथोट्रेक्सेट हा त्याच ॲमिनोप्टेरिनचा भाऊ. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले, वय ५३. आणि आज चांगल्या सेंटरला वेळेत पोचलेल्या, औषध पूर्ण करणाऱ्या एएलएलच्या दहा मुलांतली आठ-नऊ बरी होतात.

हाफकिनपासून टाटा चालत जायच्या अंतरावर आहे. गिरणीतल्या ज्या बायकांच्या रक्तावर हे सगळं सुरू झालं त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी कोकणातल्या, घाटावरच्या, आपल्याच असणार. मी हे मामांना सांगितलं तर त्यांना त्यातलं मार्माइट तेवढं लक्षात राहिलं, ते कुठं मिळतं म्हणून.

आता मामांची गोळी. तिची गोष्ट मला जास्त आवडते कारण ती स्लाइड धुण्यातून निघालीय. आमच्यात स्टेन केलेली स्लाइड बफर सोडून नुसत्या नळाच्या पाण्यानं धुतली की मॅडम ओरडतात, रंग बिघडतो. पीटर नॉवेल नावाचा फिलाडेल्फियातला पॅथॉलॉजिस्ट ल्युकेमियाच्या पेशी नळाच्या पाण्यानं धुवायचा, त्या पाण्यानं पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरली, एरवी ती एकावर एक गोळा होऊन बसतात, मोजता येत नाहीत. त्याला गुणसूत्रांतलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यानं डेव्हिड हंगरफर्ड नावाचा कळणारा पोरगा गाठला, आणि १९६० साली दोघांनी दाखवलं की सीएमएलच्या पेशंटमध्ये एक गुणसूत्र लहान असतं. त्यालाच फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. तो तुकडा गेला कुठं हे कळायला १९७३ उजाडलं. शिकागोची जॅनेट रावली गुणसूत्रांचे फोटो घरी आणून डायनिंग टेबलवर कात्रीनं कापून जोड्या लावायची, तिची पोरं चिडवायची की आई कागदाच्या बाहुल्या खेळतीय. तिला दिसलं की २२ नंबरचा तुकडा ९ नंबरला जाऊन चिकटलाय आणि ९ चा २२ ला, अदलाबदल झालीय. त्या सांध्यावर एक नवीनच जीन तयार होतं, बीसीआर-एबीएल, आणि त्याचं प्रोटीन पेशीला रात्रंदिवस वाढ म्हणून सांगत राहतं.

म्हणजे कुठं झालाय याचं याहून नेमकं उत्तर पण आहे. ९ आणि २२ च्या सांध्यावर. एवढं बारीक ठिकाण कळल्यावर तेवढंच बंद करणारं औषध बनवता येतं, ते म्हणजे इमॅटिनिब, त्या प्रोटीनला जिथून ताकद मिळते त्या खाचेत जाऊन बसतं. ब्रायन ड्रुकर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९९८ ला पेशंटवर सुरू केलं, पुरेसा डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मलला आलं, आणि २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजुरी. त्याआधी सीएमएल म्हणजे काही वर्षं हळूहळू आणि मग एकदम ब्लास्ट भरून शेवट, नाहीतर भाऊ-बहीण जुळली तर त्यांच्या मगजाचं ट्रान्सप्लांट. आता दिवसातून एकदा ४०० मिलिग्रॅमची गोळी, जेवण झाल्यावर, मोठा पेला भरून पाण्याबरोबर.

आणि ही गोळी मामांना परवडते त्याचं कारण कोर्टात आहे. नोव्हार्टिस कंपनीची गोळी महिन्याला लाख-सव्वा लाखाला पडायची, आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारात. नोव्हार्टिसनं भारतात पेटंट मागितलं, मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन विरोधात उभी राहिली, चेन्नईच्या पेटंट ऑफिसनं नाकारलं, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या आफताब आलम आणि रंजना देसाई यांच्या खंडपीठानं सांगितलं की माहीत असलेल्या औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय पेटंट नाही, कलम ३ (ड). कंपनी बऱ्याच पेशंटना गोळ्या फुकट पण देत होती हे खरंय, ते सांगायला पाहिजे. तरी माझं मत कोर्टाच्या बाजूनं आहे, फुकट हे देणाऱ्याच्या मनावर असतं.

गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत मामांचा काउंट सहा-सात हजारावर आला. कुशीतलं जड गेलं, फुगलेली प्लीहा परत बरगडीखाली. पट्टा परत जुन्या भोकावर. आणि इथंच खरी पंचाईत सुरू झाली, कारण ज्या आजाराची गाठ दिसत नाही तो गेला हे कसं कळणार, आणि राहिलाय हे तरी कसं पटणार? ऑपरेशन झालेल्या माणसाला टाक्याची खूण असते. मामांच्या हातात फक्त माझ्या लॅबचा नॉर्मल रिपोर्ट होता. गोळीनं डोळ्यांखाली सूज यायची, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, ड्युटीवर उभं राहायचं, मग कधी एक दिवसाआड, कधी सुट्टीलाच अशा त्यांनी गोळ्या कमी केल्या. कुणाला सांगितलं नाही. मामीला पण नाही. नॉर्मल आलंय की, मग कशाला, हा त्यांचा हिशोब, आणि शुगरची, बीपीची गोळी अशीच बंद करणारी माणसं मी रोज बघतो.

ते उघडं पडलं पीसीआर नावाच्या तपासणीत. सीबीसी नॉर्मल आला तरी शरीरात कोट्यवधी बिघडलेल्या पेशी असू शकतात, माझं मशीन त्या ओळखू शकत नाही, मायक्रोस्कोप पण नाही. त्यासाठी बीसीआर-एबीएल मोजायचं, टक्क्यात रिपोर्ट येतो, ०.१ च्या खाली गेला की डॉक्टर खूश होतात. मामांचा खाली जात जात परत वर आला. डॉक्टरांनी आवाज न चढवता एकच विचारलं, महिन्याला गोळ्या किती उरतात? कंडक्टर माणूस, खोटा हिशोब देता येईना. महिन्यात तीन-चार गोळ्या चुकल्या तरी या आजारात फरक पडतो, आणि अर्धवट औषधात पेशी ती खाच अशी बदलून घेते की मग ही गोळी तिच्यात बसतच नाही, मग पुढची महागडी गोळी. हे ऐकून मामा गप झाले. घरी येऊन कालनिर्णयवर रोज रात्री पेनानं टिक करायला लागले, वेबिल भरल्यासारखं, महिन्याच्या शेवटी पानाखाली एकूण पण मांडतात.

बाकीच्या प्रकारांबद्दल लिहायला गेलो तर हे संपणार नाही. एपीएल नावाचा एक आहे, पूर्वी रक्तस्रावानं काही दिवसांत माणूस जायचा, आता अ जीवनसत्त्वासारख्या गोळ्या आणि सोमल, हो, विषातला सोमल, यांनी बहुतेक बरे होतात. ट्रान्सप्लांट आपल्याकडं १९८३ ला टाटातच डॉ. सुरेश अडवानींनी पहिल्यांदा केलं, आणि पवईच्या आयआयटी आणि टाटानं मिळून बनवलेल्या कार-टी सेल थेरपीला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळालीय, पेशंटच्याच पांढऱ्या पेशी काढून, शिकवून परत सोडायच्या. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त म्हणतात, म्हणजे अजूनही तीस-चाळीस लाखांच्या आसपास, आमच्या तालुक्यात तेवढ्याला जमीन विकावी लागते.

त्या पोराच्या आईला औषधापेक्षा जास्त धावपळ प्लेटलेटसाठी करावी लागायची. मी लॅबवाला असून मला हे तेवढं जाणवलेलं नव्हतं. केमोनं मगज काही दिवस बंद पडतो, त्या दिवसांत प्लेटलेट बाहेरून द्याव्या लागतात, आणि पिशवी पाच दिवसच टिकते, साठवून ठेवता येत नाही. म्हणजे कुणीतरी आत्ता, या आठवड्यात द्यायला पाहिजे. परक्या शहरात तिनं कुणाला विचारायचं? एसडीपी म्हणतात त्याला, सिंगल डोनर प्लेटलेट, म्हणजे एकाच माणसाकडून घेतलेल्या प्लेटलेट, मशीनवर तास-दीड तास बसायचं, रक्त निघतं, प्लेटलेट बाजूला काढतात, बाकीचं परत तुमच्यात. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, वजन पन्नासच्या वर, हाताची शीर चांगली पाहिजे. गणपतीतल्या रक्तदान शिबिराला आमच्याकडं रांग लागते आणि एसडीपीसाठी फोन केला की सगळ्यांना त्याच दिवशी काम निघतं. मामांच्या डेपोतले दोन ड्रायव्हर मात्र मुंबई मुक्कामाची ड्युटी लागली की देऊन यायला लागले, मामांनीच लावून दिलं, स्वतःचं चालत नाही म्हणून.

अलीकडं मामांनी कुठंतरी ऐकलंय की सीएमएलची गोळी कधी कधी बंद पण करता येते. ते खरं आहे. पीसीआर काही वर्षं सलग अगदी तळाला राहिला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करून बघतात, साधारण निम्म्या लोकांना परत लागत नाही, निम्म्यांचा आकडा वर येतो, बहुतेक पहिल्या सहा-आठ महिन्यांतच, आणि गोळी परत सुरू केली की बहुतेकांचा खाली जातो. मामांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, निम्म्यातल्या कुठल्या निम्म्यात आपण, ते आधी कळतं काय? नाही कळत, मी म्हणलं. मग राहू दे, म्हणाले, आता रिटायर झाल्यावर बघू, ड्युटीवर असताना नसती भानगड नको. पुढचा पीसीआर दिवाळीनंतर आहे.